नारळ हलवून पाहणारे

मंडईत नारळ घेताना आई एकेक नारळ कानाशी नेऊन हलवायची. पाणी किती वाजतं, जड वाजतं की हलकं, यावरून आत काय आहे ते ठरवायची. नारळवाला वैतागायचा, "ताई, सगळे एकाच झाडाचे आहेत," म्हणायचा. ती दाद द्यायची नाही. दुकानात नारळ फोडून पाहायची सोय नव्हती, तरी घरी आल्यावर खवट निघालेला नारळ मला दोन-तीनदाच आठवतो.

ग्रहांच्या पोटात काय आहे हे शोधणाऱ्यांचा धंदा हाच. फोडून पाहता येत नाही. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं, बारा किलोमीटरच्या थोडं वर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे आपल्याच नारळाच्या शेंडीलासुद्धा नीट हात लागलेला नाही, मग बुध आणि गुरूचे चंद्र तर दूरच. बाकी सगळं हलवून, टकटक करून, कान लावून.

अशा हलवून पाहणाऱ्यांपैकी एक होते स्टॅन्टन पील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत भौतिकशास्त्र शिकवायचे, मे २०१५ मध्ये गेले. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही. मलाही ते अलीकडे आठवलं ते एका फाईलमुळे. पदोन्नतीच्या मुलाखतींसाठी बाहेरचा तज्ज्ञ म्हणून मला एका ठिकाणी बोलावलं होतं. टेबलावर 'कॅस'च्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या, फायली रचलेल्या, स्पायरल बाइंडिंग केलेल्या, प्रत्येकीत दीड-दोनशे झेरॉक्स. शोधनिबंध, प्रमाणपत्रं, परिषदांचे फोटो, प्रत्येक पानावर गुणांची पेन्सिलने केलेली नोंद. दिवसभर आम्ही बेरजा तपासल्या. फायलींमधला एकही निबंध कुणी वाचला नाही. मीही नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या रात्री परतीच्या गाडीत मी पील यांच्या दोन निबंधांचा विचार करत होतो.

१९७४ आणि ७५ मध्ये मरिनर १० हे यान बुधाजवळून तीनदा गेलं, आणि बुधाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असल्याचं निघालं. हे फारसं कुणाला अपेक्षित नव्हतं. बुध लहान, आणि लहान वस्तू लवकर निवते. वाटीतली आमटी आणि पातेल्यातली आमटी बघून हे कुणीही सांगेल. साडेचार अब्ज वर्षांत त्याचा लोखंडी गाभा थिजून घट्ट झाला असणार असा हिशेब होता. पण चुंबकीय क्षेत्र चालू ठेवायला गाभ्यात वितळलेल्या धातूची घुसळण लागते. मग गाभा अजून पातळ आहे, की हे क्षेत्र म्हणजे खडकात उरलेली जुनी खूण? वाद दोन्ही बाजूंनी करता येत होता.

पील यांनी १९७६ मध्ये 'नेचर'मध्ये दोन पानांचं टिपण लिहिलं. शीर्षक म्हणजे सरळ प्रश्न होता: बुधाचा गाभा वितळलेला आहे का? उत्तर त्यांनी दिलंच नाही. उत्तर कसं काढायचं ते दिलं.

युक्ती समजून घ्यायला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन अंडी ठेवावीत, एक उकडलेलं आणि एक कच्चं. माझ्या नातीबरोबर मी हे केलं आहे, आणि त्यात एक कच्चं अंडं जमिनीवर गेलं आहे. उकडलेलं अंडं गिरकी दिली की भोवऱ्यासारखं फिरतं. कच्चं अडखळतं, कारण कवच फिरतं पण आतला बलक लगेच त्याच्याबरोबर येत नाही. फिरणाऱ्या कच्च्या अंड्यावर क्षणभर बोट टेकवून उचलावं, तर थांबलेलं अंडं आपसूक पुन्हा फिरू लागतं, कारण आतलं थांबलेलंच नसतं. कवच आणि पोट यांची फारकत कवचाच्या हालचालीत दिसते.

बुध सूर्याभोवती ८८ दिवसांत फिरतो आणि स्वतःभोवती साधारण ५८.६ दिवसांत. दोन प्रदक्षिणांत नेमक्या तीन गिरक्या. त्याची कक्षा लंबगोल आणि त्याचा स्वतःचा आकारही किंचित लांबट. त्यामुळे प्रत्येक प्रदक्षिणेत सूर्य त्याला थोडा पुढे ओढतो, थोडा मागे, आणि बुध फिरता फिरता झोके खातो. पील यांचं म्हणणं असं की अख्खा ग्रह घट्ट असेल तर झोका लहान येईल, कारण हलवायचं वजन जास्त. गाभा पातळ असेल तर फक्त वरचं कवच हलेल आणि झोका मोठा येईल. त्यात एक नाजूक अट होती. ८८ दिवसांच्या झोक्यात गाभा कवचामागे ओढला जाता कामा नये, पण लाखो वर्षं चालणाऱ्या अक्षाच्या संथ भ्रमणात मात्र ओढला गेला पाहिजे. हे दोन्ही खरं असेल, तर झोक्याचा आकार, अक्षाचा कल आणि गुरुत्वक्षेत्राचे दोन आकडे, असे चार आकडे मिळाले की बुधाच्या पोटाचा उलगडा होतो. हे आकडे १९७६ मध्ये पुरेशा अचूकतेने कुणालाही मोजता येत नव्हते.

एकतीस वर्षं गेली.

मे २००७ मध्ये ज्याँ-ल्यूक मार्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये मोजमाप छापलं. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या अँटेनातून बुधाकडे रडारलहरी सोडायच्या. परतणारा प्रतिध्वनी एकसारखा नसतो. त्यात उजळ-मंद ठिपक्यांची नक्षी असते, आणि बुध फिरतो तशी ती नक्षी पृथ्वीच्या जमिनीवरून झरझर सरकते. ती आधी एका अँटेनावरून जाते आणि काही सेकंदांनी हजारो किलोमीटर दूरच्या, ग्रीन बँकच्या अँटेनावरून. मधला वेळ मोजला की बुधाची फिरकी लाखात एक इतक्या अचूकतेने कळते. अशी एकवीस निरीक्षणं, काही वर्षांत विखुरलेली. झोका निघाला सुमारे ३६ विकलांचा, म्हणजे बुधाच्या विषुववृत्तावर मध्यापासून जेमतेम सव्वाचारशे मीटर. घट्ट ग्रहाला जेवढा शोभला असता त्याच्या साधारण दुप्पट. गाभा, निदान त्याचा बाहेरचा भाग, पातळ आहे. निबंधाच्या लेखकांत पील यांचंही नाव होतं. १९७६ साली ते चाळिशीच्या आत होते, आता सत्तर.

पुढे मेसेंजर यान २०११ मध्ये बुधाभोवती स्थिरावलं आणि गुरुत्वाचे आकडे आले. गाभा ग्रहाच्या त्रिज्येच्या चार-पंचमांशाहून मोठा निघाला. ग्रह निवत निवत आकसला आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर वाळलेल्या आवळ्यासारख्या सुरकुत्या पडल्या आहेत. २०१४ च्या एका अभ्यासाने त्या मोजून त्रिज्या सात किलोमीटरपर्यंत घटल्याचं दाखवलं. एवढा मोठा लोखंडी गाभा अजून पातळ कसा आणि ग्रह एवढाच का आकसला, हे आता बुधाच्या उष्णतेच्या इतिहासातले मुख्य प्रश्न आहेत, आणि 'पातळ आहे का' हा प्रश्न मिटला म्हणूनच ते विचारता येतात.

आता दुसरा निबंध. पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स यांच्याबरोबर पील यांनी तो लिहिला आणि तो २ मार्च १९७९ च्या 'सायन्स'मध्ये आला. विषय गुरूचा चंद्र आयो. आपल्या चंद्रापेक्षा किंचित मोठा, म्हणून आपल्या चंद्रासारखाच थंड, मेलेला, विवरांनी भरलेला असणार असा सर्वसाधारण समज. तिघांनी वेगळा हिशेब केला. आयोच्या चार प्रदक्षिणा होतात तेवढ्यात शेजारच्या युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. हा ताल आयोची कक्षा गोल होऊ देत नाही. त्यामुळे आयो गुरूच्या कधी जवळ कधी लांब जातो, आणि त्याच्या अंगावर उठलेला भरतीचा फुगवटा दर बेचाळीस-साडेबेचाळीस तासांनी वर-खाली होतो. तारेचा तुकडा तोडायला मागेपुढे वाकवला की वाकवण्याची जागा चटका बसेल इतकी तापते. आयोचं तेच. आयोचा बराचसा भाग वितळलेला असावा, आणि त्याचे परिणाम व्हॉयेजर १ च्या छायाचित्रांत दिसू शकतील, असं त्यांनी छापून टाकलं.

व्हॉयेजर १ तीन दिवसांनी, ५ मार्चला, तिथे पोचलं. ९ मार्चला नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या दिशादर्शन विभागातल्या लिंडा मोराबितो आदल्या दिवशी काढलेलं एक छायाचित्र तपासत होत्या. ते आयोसाठी काढलेलंच नव्हतं. पार्श्वभूमीचे तारे दिसावेत आणि यानाची जागा कळावी, म्हणून ते मुद्दाम जास्त प्रकाश घेऊन काढलं होतं. आयोच्या कडेला छत्रीसारखं काहीतरी उभं होतं. तो ज्वालामुखीचा फवारा होता, शेकडो किलोमीटर उंच. आज आयोवर चारशेहून जास्त जागते ज्वालामुखी मोजलेले आहेत, आणि त्याच्या पोटातून बाहेर पडणारी उष्णता दर चौरस मीटरला दोन वॉटपेक्षा जास्त आहे. पृथ्वीची सरासरी ०.०९.

आयोच्या निबंधाला उत्तर आठवड्यात मिळालं, बुधाच्या निबंधाला एकतीस वर्षांत. माणूस तोच, पद्धत तीच, कागदावरचा हिशेबही त्याच जातीचा. आयोच्या निबंधाला यानाच्या वेळापत्रकाची साथ मिळाली, बुधाच्या नाही. संशोधनाचा प्रभाव मोजायचा म्हणतात तेव्हा यातलं नेमकं काय मोजायचं?

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचे संदर्भ मोजतात. म्हणजे १९७६ चं टिपण १९७७ आणि ७८ च्या हिशेबात धरलं जाणार आणि त्यानंतर बाद. गोल्डस्टोन आणि ग्रीन बँकचा तो प्रयोग तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. पण मला इथे खोटा युक्तिवाद करायचा नाही. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या तक्त्यात पील यांचं काही बिघडलं नसतं. त्या तक्त्यात इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला ५ गुण आणि दहाच्या वर इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्यातल्या निबंधाला ३० गुण. 'नेचर' आणि 'सायन्स' आज त्या रेषेच्या कितीतरी वर आहेत. आयोच्या निबंधाला तीन लेखक, म्हणून पहिल्याला सत्तर टक्के आणि बाकी दोघांना तीस-तीस. पील यांची फाईल पहिल्या फेरीतच पास झाली असती.

माझी अडचण तिथेच आहे. गुण मिळाले असते ते पाकिटावरच्या पत्त्याला. आतलं पत्र उघडायची गरजच पडली नसती. याच माणसाने तीच दोन पानं कुठल्या छोट्या नियतकालिकात दिली असती तर पाच गुण, आणि बुधाचा झोका मात्र तेवढाच राहिला असता. तक्ता पील यांना मारक आहे असं मी म्हणत नाही. त्याला पील आणि पील नसलेला माणूस यांतला फरकच दिसत नाही.

आणखी एक गंमत बघा. १९७९ मध्येच या तिघांनी युरोपावरही लिहिलं: तिथल्या बर्फाखाली भरतीच्या उष्णतेमुळे पाणी पातळ राहिलं असेल का? पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच त्याची दुरुस्ती छापली, कारण आधीचा उष्णतेचा हिशेब जास्त आला होता. दुरुस्तीनंतर त्या समुद्राचं काही खात्रीचं राहिलं नाही, पण प्रश्न जिवंत राहिला. तोच प्रश्न घेऊन युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे. आपल्या तक्त्यात मूळ निबंध एक नोंद आणि दुरुस्ती दुसरी नोंद. चूक केली तरी गुण, सुधारली तरी गुण. आपली चूक आपणच चव्हाट्यावर आणण्याचं जे धैर्य आहे, त्याला रकाना नाही.

आपल्याकडे हा तक्ता आला २०१० च्या नियमांबरोबर, 'एपीआय', म्हणजे शैक्षणिक कामगिरी निर्देशांक, या नावाने. शिक्षकांनी गुण हवेत म्हणून निबंध लिहायचे, निबंध हवेत म्हणून नियतकालिकं निघायची. अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेली जी नियतकालिकं होती, त्यांतली एक हजार नऊ नियतकालिकं पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला: अठ्ठ्याऐंशी टक्क्यांहून जास्त निकृष्ट. मग त्याच विद्यापीठाच्या मदतीने 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली आणि पारख करायचं काम पुन्हा संस्थांवर आलं. पंधरा वर्षं आपण याद्या बदलत राहिलो. निबंध वाचायचा, हा उपाय कुठल्याच परिपत्रकात सापडला नाही.

दरम्यान जगातल्या आघाडीच्या 'दोन टक्के' शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी येते आणि गावोगावच्या महाविद्यालयांच्या फाटकावर फ्लेक्स लागतात. अभिनंदन जरूर करावं. फक्त फ्लेक्सवर त्या प्राध्यापकांनी काय शोधलं याची एक ओळ असलेली मी अजून पाहिलेली नाही.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, आणि ते ऐकण्यासारखं आहे. "सर, आकडे नव्हते तेव्हा काय होतं ते विसरलात का?" विसरलो नाही. तेव्हा वशिला होता. विभागप्रमुखाची मर्जी होती, आपला माणूस होता, आडनाव होतं. ज्याच्यामागे कुणी नाही अशा मुलीला किंवा मुलाला 'माझे गुण एवढे झाले, आता अडवून दाखवा' असं म्हणायची सोय तक्त्याने दिली. ही सोय मी हलकी मानत नाही. माझ्या विद्यार्थ्यांतले दोघे तिच्याच जोरावर कायम झाले. म्हणून तक्ता फाडून टाका, असं मी म्हणणार नाही. तक्ता उंबरठा म्हणून राहावा, पण आज तो न्यायाधीश होऊन बसला आहे. आणि वशिला तरी गेला कुठे? तो नियतकालिकांच्या संपादक मंडळांत गेला, एकमेकांचे संदर्भ देण्याच्या साखळ्यांत गेला. निबंध न वाचता निर्णय घ्यायचा ठरवला की त्याला जागा मिळतेच.

प्रभाव मोठा म्हणजे काम बरोबर, असंही नाही. ग्रहांच्या उष्णतेच्या इतिहासात त्याचा जुना आणि कडू दाखला आहे. लॉर्ड केल्विन यांनी १८६२ मध्ये पृथ्वी घट्ट गोळ्यासारखी निवत आली असं धरून तिचं वय दोन ते चाळीस कोटी वर्षांच्या दरम्यान काढलं. आकडा इतका सैल होता. पुढे ते स्वतः तो खाली आणत गेले आणि १८९७ मध्ये दोन ते चार कोटींवर आले. त्यांच्या शब्दाचं वजन एवढं की भूशास्त्रज्ञ आपली कालगणना आखडती घेऊ लागले. १८९५ मध्ये त्यांचेच जुने सहायक जॉन पेरी यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की पृथ्वीचं पोट अंशतः जरी प्रवाही असलं आणि उष्णता वर आणत असलं, तर तोच हिशेब अब्जावधी वर्षांवर जातो. पेरींकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. किरणोत्सर्गाने केल्विन यांना खोटं ठरवलं असं शाळेत शिकवतात, पण त्या हिशेबातली खरी मेख पेरींनी किरणोत्सर्गाचा शोध लागायच्या आधीच्या वर्षी पकडली होती. त्या काळी एच-इंडेक्स, म्हणजे निबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून काढतात तो आकडा, असता तर केल्विन यांचा किती भरला असता, याची कल्पना करा.

पील यांचंही सगळं बरोबर निघालं असं नाही. जुनो यान डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोच्या दीड हजार किलोमीटर इतक्या जवळून गेलं. त्यातून आयो गुरूच्या ओढीने किती लवचतो ते मोजता आलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष छापला गेला की आयोच्या कवचाखाली सगळीकडे पसरलेला उथळ मॅग्माचा समुद्र नाही. म्हणजे उष्णता भरतीचीच, ज्वालामुखीही तिचेच, पण कमी जाडीच्या कवचाखाली वितळलेलं पोट हे १९७९ चं चित्र टिकलं नाही. मला यात पील यांचा पराभव दिसत नाही. पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी यान नेऊन तपासावं इतकं स्पष्ट विधान त्यांनी केलं होतं. आपल्या फायलींतल्या किती निबंधांना खोटं पडता येईल? बहुतेकांत 'आणखी संशोधनाची गरज आहे' याखेरीज विधानच नसतं.

आतापर्यंत मी निबंधांबद्दल बोललो. पण या शास्त्राचा मोठा भाग निबंध नसतोच. तो केबलमध्ये असतो, फितीत असतो. चंद्राच्या पोटातून किती उष्णता बाहेर येते हे मोजायला मार्कस लँगसेथ यांनी अपोलोसाठी उपकरण केलं. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या जॉन यंग यांचा पाय केबलमध्ये अडकला, ती तुटली आणि त्या जागेचं मोजमाप कायमचं गेलं. अपोलो १५ आणि १७ ची उपकरणं मात्र वर्षानुवर्षं आकडे पाठवत राहिली. ३० सप्टेंबर १९७७ रोजी खर्च परवडत नाही म्हणून ती बंद केली. उपकरणं धडधाकट होती. शेवटच्या वर्षांच्या फिती विखुरल्या, हरवल्या. चाळीसेक वर्षांनी सेइची नागिहारा आणि सहकाऱ्यांनी सरकारी अभिलेखागारात पडलेल्या चारशे चाळीस फिती शोधून वाचल्या. चंद्राची जमीन त्या जागी हळूहळू तापत का गेली हे कोडं त्यातून सुटलं: अंतराळवीरांच्या पावलांनी वरची फिकट धूळ विस्कटली, खालची गडद माती उघडी पडली आणि ती जास्त ऊन शोषू लागली. धूळ खात पडलेल्या फिती वाचणं याला आपल्या तक्त्यात किती गुण? आणि त्या आधी चाळीस वर्षं त्या फेकून न देणाऱ्या कारकुनाला?

आपल्या घरचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान २ चं विक्रम चंद्रावर आदळलं, आणि त्याच्याबरोबर जमिनीचं तापमान मोजणारं 'चास्ते', कंपनं टिपणारं 'इल्सा' आणि प्रग्यान गाडीवरचं क्ष-किरण उपकरण, सगळं गेलं. ही उपकरणं बनवणाऱ्यांची २०२० मध्ये फाईल तपासली असती तर त्या अनेक वर्षांच्या कामासमोर काय लिहिलं असतं? २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान ३ चं दुसरं विक्रम उतरलं. प्रग्यानने शंभर मीटरच्या आसपास फिरून तेवीस जागी मातीतली मूलद्रव्यं मोजली, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांचा निबंध वर्षभरात 'नेचर'मध्ये आला. बाल्यावस्थेतला चंद्र वितळलेल्या खडकाच्या समुद्राने झाकलेला होता, या कल्पनेला दक्षिणेकडच्या त्या जागेतूनही आधार मिळाला. टाळ्या २०२३ ला वाजल्या. काम २०१९ च्या आधीचं होतं. 'चास्ते'ची कांडी दहा सेंटीमीटर आत गेली आणि वरच्या थरातच तापमान झपाट्याने उतरतं हे तिने दाखवलं. पण तेवढ्या खोलीवर दिवसाच्या उन्हाचीच चढउतार चालते. चंद्राच्या पोटाची धग मोजायची तर मीटर-दोन मीटर खोल आणि वर्षानुवर्षं थांबावं लागेल. म्हणजे पुढचं उपकरण बनवणाऱ्याला पदोन्नतीची तीन चक्रं उपाशी राहावं लागेल.

सह्याद्रीतही असंच थांबणं चालू आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ज्यांनी अंथरुणात अनुभवला ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्या भूकंपांचा उगम खाली कसा होतो हे जवळून पाहण्यासाठी कऱ्हाडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेने कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर घेतलं आहे. सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा कातळ संपतो आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइटी खडक लागतो. तिथलं तापमान, पाणी, ताण यांच्या नोंदींची खरी किंमत पुढच्या मोठ्या हादऱ्यानंतर कळेल, आणि तो हादरा कुणाच्या पंचवार्षिक मूल्यमापनाची वाट पाहणार नाही.

मग करायचं काय, असं विचाराल. नवं काही नाही. फाईल दोनशे पानांची नको. उमेदवाराने आपले तीनच निबंध द्यावेत आणि त्यांचं काय झालं तर ते चुकीचे ठरतील हे प्रत्येकाखाली एका परिच्छेदात लिहावं. समितीतल्या दोघांनी ते वाचून आपलं मत सहीनिशी लिहावं आणि ते उमेदवाराला दाखवावं. वशिल्याला सहीची भीती वाटते, बेरजेची वाटत नाही. उपकरण, नोंदवही, फितींचा उद्धार यांना निबंधाच्या तोडीचं मानावं; इस्रोच्या बंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या केंद्रातून चांद्रयानांचे आकडे आज कुणालाही मिळतात, ते जपणारी माणसं संशोधकच आहेत. आणि दहा-वीस वर्षं चालणाऱ्या मोजमापाचा खर्च वार्षिक प्रकल्पांपासून वेगळा ठेवावा, म्हणजे दर मार्चअखेर तो कापण्याचा मोह होणार नाही. वेळ कुठून आणायचा, असं समितीतले म्हणतील. त्या दिवशी आम्ही सहा तास बेरजा तपासल्या होत्या. सहा तासांत अठरा निबंध सहज वाचून झाले असते.

त्या दिवशीच्या शेवटच्या उमेदवाराबद्दल सांगायचं राहिलं. सहा वर्षं तो आपल्या भागातल्या जुन्या बोअरमध्ये दोरीला तापमापक बांधून सोडत होता. कातळाच्या भेगांतून पाणी वाहतं आणि खालून येणारी उष्णता चोरून नेतं, म्हणून बोअरमधला आकडा जसाच्या तसा धरता येत नाही, असं त्याचं म्हणणं. निबंध एकच, छोट्या नियतकालिकातला. मी त्याला विचारलं, हे खोटं कसं ठरेल? त्याने इकडेतिकडे पाहिलं, स्वतःच्याच फाईलमधलं एका परिषदेचं प्रमाणपत्र काढलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर दोन बोअर काढून दाखवले. एकात तापमानाची रेघ सरळ, दुसऱ्यात मध्येच वाकलेली. वाकलेली रेघ पावसाळ्यानंतर आणखी वाकली नाही तर मी चुकलो, म्हणाला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. गुण कमी पडत होते, फाईल परत गेली. ते प्रमाणपत्र माझ्या वहीत राहून गेलं, आणि त्याच्या अनुक्रमणिकेतलं ते एक पान गहाळ आहे असं कळवणारं पत्र मला अजून आलेलं नाही.